विनाकुलूप गेम विकत घ्यायचे आहेत: कुठून, कसे आणि ठेवायचे कुठे?

मानेवाडा_एक्सप्रेस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय किरकोळ वाटेल, पण आमच्या घरात सध्या हाच गाजतोय.

मुलांच्या परीक्षा आटोपल्या की आम्ही नरखेडच्या अलीकडे सासुरवाडीला जातो. संत्र्याची बाग आहे, विहीर आहे, फक्त नेट नाही. मोबाइलला गच्चीवर दोन काड्या येतात, त्याही वाऱ्याच्या मर्जीने. दुपारी अंगणात पाय ठेवायची सोय नसते, तेव्हा चार पोरं आणि एक लॅपटॉप असा मामला. मागच्या उन्हाळ्यात एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून रीतसर पैसे मोजून गेम घेतले, नागपुरात चालवून पाहिले आणि तिथे पोचल्यावर पडद्यावर आलं, 'आधी इंटरनेटला जोडा, खातं तपासायचं आहे.' दुकानाचं नाव घेत नाही, नाहीतर धागा तिकडेच भरकटेल.

तर मला असे गेम हवेत की एकदा फाइल माझ्या डिस्कवर आली की कोणाची परवानगी लागू नये. यालाच डीआरएम-फ्री म्हणतात एवढं वाचलंय. कुठून घ्यायचे? भारतातून पैसे कसे भरायचे? आणि एक विनंती, फुकटचे रस्ते सांगू नका. पोरं मागे उभी राहून पाहतात.

---

बर्डीवाला_बंड्या

काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले भाऊ? पेन ड्राइव्ह घेऊन या, मी भरून देतो. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा बर्डीवर फुटपाथवर सीड्या मिळायच्या, त्याले कोणी कधी खातं विचारलं का? क्रॅक केलेला गेम म्हणजेच विनाकुलूप गेम. पैसेवाल्याले कुलूप अन् चोराले मोकळं रान, हे उलटं नाही वाटून राहिलं का तुम्हाले?

---

सिव्हिल_लाइन्स

बंड्याभाऊंचा शेवटचा प्रश्न बरोबर आहे, बाकी सगळं चूक. हायकोर्टाच्या खंडपीठाशेजारी बसणारा माणूस म्हणून चार ओळी लिहितो.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३-ब. संगणक प्रोग्रामची चोरटी प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरली, तर कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. २०१२ च्या दुरुस्तीने ६५-अ आलं, त्यात हक्कभंगाच्या हेतूने कॉपी प्रोटेक्शन (म्हणजे हेच कुलूप) तोडणं हाच वेगळा गुन्हा झाला. पोलीस घरोघरी फिरत नाहीत हे मलाही कळतं, पण 'क्रॅक म्हणजेच विनाकुलूप' म्हणू नका. एकात मालकाने स्वतः कुलूप लावलेलं नाही, दुसऱ्यात तुम्ही ते फोडलंत.

उलट धागाकर्त्याच्या बाजूने हाच कायदा बोलतो. कलम ५२(१)(कक) खाली, कायदेशीर मार्गाने घेतलेल्या प्रोग्रामची, तो हरवला किंवा खराब झाला तर असावी म्हणून राखीव प्रत करून ठेवता येते.

---

जुना_पेंटियम

धागाकर्ते, तुम्हाला हवं ते दुकान म्हणजे गॉग. पूर्वीचं नाव गुड ओल्ड गेम्स, २००८ पासून चालू आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने काढलं, म्हणजे ज्यांनी द विचर आणि सायबरपंक २०७७ केले तेच लोक.

या कंपनीची मागची गोष्ट बंड्यासारख्यांनी ऐकण्यासारखी आहे. १९९४ साली सुरू झाली तेव्हा वॉर्सातल्या बाजारातही चोरट्या सीड्यांचे ढीग होते, अगदी आपल्या बर्डीसारखे. त्या वर्षापर्यंत तिथे सॉफ्टवेअरला कॉपीराइटचं धड संरक्षणही नव्हतं. अशा बाजारात यांनी १९९९ मध्ये बाल्डर्स गेट पोलिश भाषेत आणला. जाणत्या नटांचे आवाज, मोठा खोका, आत नकाशा आणि पुस्तिका. फुटपाथवाला देऊ शकणार नाही असं काहीतरी गिऱ्हाइकाला द्यायचं, हा हिशेब. गिऱ्हाईक खरेदीला आलं आणि ती सवय कंपनीला लागली. पुढे द विचर २ (२०११) च्या डब्यातल्या आवृत्तीवर सिक्युरॉम नावाचं कुलूप होतं, पण गॉगवरची पहिल्या दिवसापासून मोकळी होती आणि डब्यावरचं कुलूपही त्यांनी थोड्याच दिवसांत पॅच (दुरुस्तीची फाइल) देऊन काढलं. कुलूप काढल्याने चोरी वाढते म्हणणाऱ्यांनी हे दुकान अजून चालू कसं आहे त्याचं उत्तर द्यावं.

आता कामाचं. गॉगचं गेम उतरवून चालवणारं गॅलक्सी नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते घेऊ नका. म्हणजे वाईट नाही, पण तुमच्या कामाचं नाही. ब्राउझरमधून स्वतःच्या लायब्ररीत जा, गेमवर टिचकी मारा आणि खाली 'ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर' अशी यादी दिसेल ती डाउनलोड करा. ही यादी जरा आडबाजूला असते, शोधावी लागते. तिथून एक सेटअपची फाइल आणि मोठा गेम असेल तर सोबत बिन प्रकारचे तुकडे मिळतात. हेच तुमचं धन. गॅलक्सीतून थेट इन्स्टॉल करून खूश होणाऱ्याजवळ ही फाइल नसते. लॅपटॉप फॉरमॅट झाला की तो पुन्हा नेटच्या दारात उभा. डीआरएम-फ्री असा शिक्का दुकानावर असून उपयोग नाही, इन्स्टॉलर तुमच्या डिस्कवर पाहिजे.

जुन्या डॉस काळातल्या गेमांबरोबर, ते आजच्या विंडोजवर चालवणारं डॉसबॉक्स आतच बांधून येतं, वेगळी खटपट नाही.

---

धंतोली_डॉक

गॉगचं कौतुक ठीक आहे, पण थोडी दुसरी बाजू मांडतो.

स्टीम या दुसऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून भाव रुपयांत आहेत, यूपीआय चालतं, आणि बऱ्याच गेमांचा भारतातला भाव डॉलरच्या भावापेक्षा कमी ठेवलेला असतो. गॉगवर मी घेतले तेव्हा डॉलरमध्येच घ्यावे लागले. त्यावर बँक परकीय चलनाचा अधिभार लावते, दोन ते साडेतीन टक्के, आणि त्या अधिभारावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. मध्यमवर्गीय माणसाने हे बघायला नको का?

दुसरं म्हणजे, स्टीमवर कुलूप लावायचं की नाही हे गेम बनवणारा ठरवतो. कित्येक गेम असे आहेत की स्टीममधून एकदा उतरवले की फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवा, स्टीम बंद करून गेमची एक्झी फाइल (गेम सुरू करणारी) चालवा, चालतात. पीसीगेमिंगविकी या साइटवर त्यांची मोठी यादी आहे. खरेदीआधी ती बघायची. स्वस्तही पडतं आणि काम तेच.

---

जुना_पेंटियम

@धंतोली_डॉक, भावाचं मान्य. त्यावर वाद नाही, नवा गेम पहिल्या दिवशी घेणाऱ्याला स्टीमच परवडतं. पण जुने गेम गॉगच्या उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये इतके उतरतात की अधिभार चहाच्या पैशात जातो. थांबायची तयारी पाहिजे.

स्टीमच्या यादीबद्दल मात्र एक अडचण आहे. ती यादी खेळणाऱ्यांनी तपासून केलेली आहे, दुकानाने दिलेलं वचन नाही. उद्या एखाद्या अपडेटमध्ये बनवणाऱ्याने तपासणी घुसवली तर तक्रार कोणाकडे करणार? गॉगवर तक्रार करता येते आणि ऐकलीही जाते. २०२१ च्या सप्टेंबरात त्यांनी हिटमॅनची गेम ऑफ द इयर आवृत्ती विकायला ठेवली, जिच्यात नेटशिवाय निम्म्या गोष्टी बंद राहायच्या. गिऱ्हाइकांनी एक-एक तारा देऊन पानच भरून टाकलं. दोन-तीन आठवड्यांत गेम दुकानातून काढावा लागला. म्हणजे गॉगवाले फार सज्जन असं मी म्हणत नाही, त्यांचं गिऱ्हाईक खट आहे.

पैसे भरायचं विचारलं होतं ते राहिलं. व्हिसा किंवा मास्टरकार्ड घ्या, आणि आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन 'आंतरराष्ट्रीय' आणि 'ऑनलाइन' ही दोन्ही बटणं चालू करा. २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमापासून नव्या कार्डावर ती बंदच येतात. व्यवहार झाला की परत बंद करा. 'कार्ड नाकारलं' म्हणून रडणाऱ्यांपैकी अर्ध्यांचं दुखणं हेच असतं.

---

कोथरूडचा_पाहुणा

नागपूरकर उन्हाळ्यात गेम खेळण्यासाठी गावी जातात हे नव्याने कळलं. आम्हाला वाटायचं तिकडे एप्रिल-मे मध्ये लॅपटॉप आपोआपच बंद पडतो.

---

बर्डीवाला_बंड्या

@कोथरूडचा_पाहुणा, लॅपटॉप कूलरपुढे ठेवतो आम्ही, माणसं बाहेर बसतात. या कधी, सावजी खाऊ घालतो, मग सांगा कोण बंद पडते ते.

---

संत्रा_बर्फी

कूलरपुढे लॅपटॉप ठेवू नका हो, पाण्याची वाफ आत जाते. गंमत गंमत म्हणून कोणी खरंच करेल.

मानेवाडा_एक्सप्रेस, चार पोरं आणि एक लॅपटॉप हे तुम्ही लिहिलंत, त्याकडे कोणी बघितलंच नाही. तुम्हाला एकाच यंत्रावर आळीपाळीने किंवा एकत्र खेळता येईल असं पाहिजे. माझ्या घरी भाचरं जमतात तेव्हाचा अनुभव सांगते.

हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३ घ्या. १९९९ चा गेम आहे, पण हॉटसीट म्हणून प्रकार आहे त्यात. एकाची खेळी झाली की खुर्ची दुसऱ्याला. कॅरमसारखं चालतं, फक्त भांडणं जास्त लांबतात. हा मात्र गॉगवरूनच घ्या, कारण तिथे दोन्ही विस्तारांसह (नंतर आलेल्या जोडभागांसह) संपूर्ण आवृत्ती आहे. २०१५ मध्ये स्टीमवर जी एचडी आवृत्ती आली तिच्यात ते विस्तार नाहीतच, मूळ कोड सापडला नाही म्हणून.

वर्म्स आर्मागेडन, तोही १९९९ चा, एकाच कीबोर्डवर पाळीपाळीने. लहानांना तोच आवडेल, हसून लोळतात. रेमन ओरिजिन्स असेल तर चौघंही एकदम, पण कंट्रोलर लागतील. स्टारड्यू व्हॅली २०२० च्या शेवटच्या अपडेटपासून पडदा वाटून खेळता येतो. शेतीचाच गेम आहे, आजोबाही येऊन बसतील आणि 'असं कुठं पीक येते का' म्हणून नावं ठेवतील. आमच्याकडे हेच झालं.

तिन्ही-चारही गेम आकाराने लहान आहेत. द विचर ३ सारखं पन्नास जीबीचं धूड न्यायची गरज नाही. तो तुम्ही रात्री खेळा, आवाज बंद ठेवून.

आता सगळ्यात महत्त्वाचं. निघायच्या आधी नागपुरातच वाय-फाय बंद करा, आणि नेट नसताना इन्स्टॉलरवरून गेम टाकून, सुरू करून, दहा मिनिटं खेळून बघा. डायरेक्टएक्स किंवा व्हिज्युअल सी प्लस प्लस असं काही जोडसॉफ्टवेअर मागितलं तर ते आत्ताच कळेल. ग्राफिक्सचा ड्रायव्हरही आत्ताच अद्ययावत करा. आणि गावाला टाकलेला गेम परत आल्यावर पुसणार असाल तर सेव्ह फाइली आधी उचला. त्या बहुतेक वेळा गेमच्या फोल्डरात नसतात, डॉक्युमेंट्समध्ये किंवा ॲपडेटामध्ये कुठेतरी असतात. बारा वर्षांच्या मुलाचा सेव्ह गेला तर घरात काय होतं ते मला विचारू नका.

---

इतवारीचा_हिशेब

सगळं वाचलं. माझा एकच प्रश्न, गॉग बुडालं तर?

---

जुना_पेंटियम

म्हणूनच तर इन्स्टॉलर डिस्कवर ठेवा म्हणतोय मघापासून.

त्यांच्या करारात लिहिलेलं आहे की दुकान कायमचं बंद करायची वेळ आली तर निदान साठ दिवस आधी कळवण्याचा प्रयत्न करू, तेवढ्यात घेतलेलं उतरवून घ्या. 'प्रयत्न करू' हे शब्द नीट वाचा. २०१० च्या सप्टेंबरात गंमतच झाली होती. एके दिवशी साइट उघडली तर 'आता या रूपात चालू ठेवता येणार नाही' असं पान. लोकांचे प्राण कंठाशी आले, कारण बहुतेकांनी काहीच उतरवून ठेवलं नव्हतं. दोन-चार दिवसांनी कळलं की बीटा, म्हणजे चाचणीचा टप्पा, संपवून नवी साइट आणायची होती, त्याची ही जाहिरातबाजी. मालक लोक भिक्षूंचे झगे घालून माफी मागायला उभे. त्या थट्टेबद्दल त्यांना आजही शिव्या पडतात, आणि पडाव्यातच.

दुकानातून एखादा गेम काढला जाणं हे मात्र नेहमीचं आहे. २०१३ संपताना फॉलआउटचे जुने भाग हक्कांच्या अदलाबदलीत गॉगवरून गेले, २०१५ मध्ये नव्या मालकाकडून परत आले. मधल्या काळात ज्यांनी आधीच घेतले होते त्यांना ते मिळत राहिले. नव्याला मात्र वाट पाहावी लागली. आवडीचा गेम 'पुढच्या सेलला घेऊ' म्हणून फार लांबवू नये तो यासाठी.

---

सिव्हिल_लाइन्स

इतवारीच्या प्रश्नाला जोडून. डिजिटल दुकानात 'खरेदी करा' असं बटण असतं, पण बहुतेक ठिकाणी मिळतो तो वापरण्याचा परवाना, आणि गॉगही याला अपवाद नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला की परवाना विकत असाल तर तसं स्पष्ट सांगा. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. स्टीमने त्याआधीच पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. त्या कायद्यातून एक सूट आहे. गिऱ्हाइकाला कायमचं उतरवून घेऊन नेटशिवाय वापरता येईल अशा मालाला ती सक्ती नाही. कायद्यालाही फरक कळतो तो एवढ्याच ठिकाणी.

विरुद्ध टोक बघायचं तर द क्रू. २०१४ चा गाड्यांचा गेम, एकट्याने खेळलात तरी सर्व्हर लागायचा. तो काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम सगळ्यांसाठीच संपला. त्यावरूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. युरोपात तिच्या मागणीवर २०२५ च्या जुलैत दहा लाखांवर सह्या झाल्या. आपल्याकडे ग्राहक मंचात असा खटला कोणी नेला तर मला वाचायला आवडेल. (मी स्वतः नेणार नाही, फी कोण देणार?)

---

धंतोली_डॉक

गॉगच्या बाजूने इतकं बोलून झालं, तर दोन गैरसोयीही लिहून ठेवतो, नाहीतर नवा माणूस फसेल. एक, ऑफलाइन इन्स्टॉलर आपोआप अद्ययावत होत नाही. गेमला नवा पॅच आला की पॅचची फाइल किंवा सगळा इन्स्टॉलर पुन्हा उतरवायचा. नवीन गेमला हे महिन्यातून दोनदाही होऊ शकतं, म्हणून गेम जुना झाल्यावर, पॅच येणं थांबल्यावरच त्याची प्रत साठवावी. दोन, ऑनलाइन मल्टिप्लेअर असेल तर काही गेमांना गॅलक्सी लागतंच. विनाकुलूप म्हणजे एकट्याचा किंवा घरातला खेळ असं धरून चाला.

परताव्याच्या बाबतीत मात्र गॉग उदार आहे. २०२० पासून तीस दिवसांत, खेळून पाहिलेला गेमही परत करता येतो. स्टीमवर चौदा दिवस आणि दोन तासांच्या आतलं खेळणं.

---

संत्रा_बर्फी

आणखी एक पर्याय राहिला, इच डॉट आयओ. छोट्या, एकट्यादुकट्याने केलेल्या गेमांचं दुकान, बहुतेक कुलपाशिवाय. २०२० च्या जूनमध्ये त्यांनी पाच डॉलरला हजाराच्या वर गेमांचा गठ्ठा विकला होता, मदतनिधीसाठी. त्यातले निम्मे अजून उघडून पाहिलेले नाहीत हे वेगळं. दर्जा मात्र सगळ्यांचा सारखा समजू नका, निवडून घ्यावं लागतं. पोरांना तिथे एकटं सोडू नका.

---

इतवारीचा_हिशेब

एका घरात दोन संगणक असतील तर गॉगवरचा एकच गेम दोनदा घ्यायचा का?

---

जुना_पेंटियम

नाही. घरातल्या कितीही यंत्रांवर टाका, गॉगनेच सांगितलंय. शेजारच्या बंड्याला पेन ड्राइव्हमध्ये देणं यात बसत नाही. कुलूप नाही म्हणून वाटत सुटलो तर पुढचा गेम कोणी बिनकुलपाचा काढणार नाही.

---

मानेवाडा_एक्सप्रेस (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. हीरोज आणि वर्म्स घेतले. कार्डाचं आंतरराष्ट्रीय बटण खरंच बंद होतं, चालू केल्यावर लगेच झालं. द विचर ३ पण घेतला, तो पोरांना सांगितलेला नाही. फायबरवर रात्रभर लावून इन्स्टॉलर उतरवले, एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी पोर्टेबलवर, आणि वाय-फाय काढून दोन्ही छोटे गेम चालवून पाहिले. चालले.

विचरचे बिन तुकडे प्रत्येकी चार जीबीच्या आत का केलेत? आणि एखादा तुकडा खराब उतरला तर कसं कळणार?

---

जुना_पेंटियम

जुन्या पद्धतीने, म्हणजे एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही, म्हणून. सगळे तुकडे सेटअपच्या फाइलीबरोबर एकाच फोल्डरात ठेवा, नावं बदलू नका. तुकडा तुटका असेल तर इन्स्टॉल करताना अडतो आणि सांगतो, म्हणून विचरसुद्धा एकदा नागपुरातच पूर्ण टाकून बघा. फक्त तेवढा तुकडा परत उतरवला की झालं, सगळं पुन्हा लावू नका. लिनक्सवाले असाल तर इनोएक्स्ट्रॅक्टने इन्स्टॉलर उघडता येतो, आणि लायब्ररी मोठी झाली की सगळे इन्स्टॉलर एकदम उतरवणारं एलगॉगडाउनलोडर बघा.

---

बर्डीवाला_बंड्या

ते सगळं ठीक आहे बे. कमांडोज आहे का तिथं? जुना, जर्मनवाला?

---

जुना_पेंटियम

आहे. पैसे लागतील.